सोन्याचे जुने दर कसे वाचावे : गिरगांवांतील एका चोपडीच्या आधारें

१

गिरगांवांत ठाकुरद्वारानजीक ज्या चाळींत आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या नांदल्या, ती चाळ पुनर्बांधणीसाठीं रिकामी करावी लागली. त्या वेळीं माळ्यावरील पत्र्याच्या पेटींत तांबड्या फडक्यांत बांधलेली एक चोपडी हातीं आली. ती माझ्या आजोबांची घरखर्चाची चोपडी होय. तींत १९३३ सालच्या पानावर पुढील नोंद आहे :

“घरच्या मंडळींचे स्त्रीधनापैकीं चोख सोनें तोळे १२, दर २८ प्रमाणें विकून रुपये ३३६ खर्चीं घेतले. परत करणें.”

आजोबा फोर्टांतील एका पेढींत कारकून होते. मंदीच्या दिवसांत ती नोकरी गेली व चार मुलांचें घर चालविण्यासाठीं आजीच्या पाटल्या झवेरी बाजारांत गेल्या, एवढें घरांत सर्वांस ठाऊक होतें. ‘परत करणें’ हे दोन शब्द मात्र माझ्या वडिलांखेरीज कोणास ठाऊक नव्हते. आजोबांच्या हातून परतफेड झाली नाहीं. आजीमागें तें सोनें तिच्या कन्येस, म्हणजे माझ्या आत्येस, मिळावयाचें होतें. वडिलांनीं २०१० सालीं, वयाच्या ऐशींव्या वर्षीं, एका सुवर्णनिधीचीं १२० युनिटें घेऊन तीं आत्येसाठीं राखून ठेवलीं व चोपडीच्या त्याच पानांत एक चिठ्ठी घातली : “१२ तोळे = १२० ग्रॅम = १२० युनिट. ऋण फिटलें.”

ऋण खरोखर फिटलें काय, हा प्रश्न वडिलांमागें आम्हां दोघां भावांपुढें आला. धाकट्या बंधूंनीं मूळ रकमेवर द. सा. द. शे. ६ प्रमाणें सरळ व्याज लाविलें. १९३३ पासून २०१० पर्यंत ७७ वर्षांचें व्याज धरून एकंदर सुमारे १,८८८ रुपये होतात. तेवढ्यांत २०१० सालीं सोनें जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास येत होतें. एका पुतण्यानें भ्रमणध्वनीवर त्या निधीच्या दराचा आलेख काढला, त्यांत एके दिवशीं रेघ हजारांवरून एकदम दोन आंकड्यांवर आलेली पाहिली आणि आत्याआजीचें सोनें बुडालें असें जाहीर केलें. मी संस्कृताचा शिक्षक. नाणेंशास्त्र वा अर्थशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु तीन शहाण्या माणसांनीं एकाच नोंदीचे तीन अर्थ करावे, तेव्हां दोष नोंदीचा नसून वाचण्याच्या रीतीचा असला पाहिजे, असें वाटून मीं हा विषय मुळापासून पाहिला. त्याचा निष्कर्ष येथें मांडीत आहें. जुन्या दरांच्या कोष्टकांशीं ज्यांचा संबंध येतो, मग ते संशोधक असोत वा केवळ गुंतवणूकदार, त्यांस तो उपयोगीं पडेल अशी आशा आहे.

सोन्याच्या कोणत्याहि दरांत तीन गोष्टी दडलेल्या असतात : किती वजनाचा, किती कसाच्या सोन्याचा आणि कोणत्या नाण्यांत. या तीहींपैकीं एक जरी बदलली, तरी आंकडा बदलतो आणि सोनें मात्र जेथल्या तेथेंच राहातें.

२

प्रथम वजन. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्रसरेणूपासून आरंभ करून वजनांची मालिका दिली आहे. तीत पांच कृष्णलांचा, म्हणजे गुंजांचा, एक माष व सोळा माषांचा एक सुवर्ण होतो. अर्थात् सुवर्ण हा ८० गुंजांचा. कौटिल्यानेंहि पौतवाध्यक्षाच्या प्रकरणांत हेंच मान दिलें आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत तीन गुंजांचा वल्ल येतो. आमच्या सराफांच्या तोंडचा ‘वाल’ तो हाच. पुढें प्रचारांत आलेला तोळा मात्र आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा. एकच ‘माष’ शब्द, परंतु एके ठिकाणीं पांच गुंजांचा व दुसऱ्या ठिकाणीं आठ गुंजांचा. शब्दाच्या साम्यावर विसंबून जो वजन काढील तो फसेल, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय.

प्रांतोप्रांतींचे तोळेहि सारखे नव्हते. कंपनी सरकारनें १८३३ सालीं तोळा १८० ग्रेनांचा ठरविला व रुपयाचें वजनहि तेंच ठेविलें. त्यामुळें रुपया हेंच तोळ्याचें वजन होऊन बसलें. आजच्या मापांत हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा होतो. १९५६ च्या कायद्यानें दशमान वजनें आलीं व पुढील कांहीं वर्षांत तीं टप्प्याटप्प्यानें सक्तीचीं झालीं. तेव्हांपासून सोन्याचा दर दहा ग्रॅमवर बोलला जाऊं लागला. परंतु शब्द कांहीं गेला नाहीं. आज दादरच्या रानडे रस्त्यावर काय किंवा लालबागेंत काय, गिऱ्हाईक ‘एक तोळा’ म्हणतें तेव्हां बहुधा दहा ग्रॅमच मनांत धरतें. जुना तोळा आणि हा नवा लौकिक तोळा यांत १.६६४ ग्रॅमचें अंतर आहे, म्हणजे शेंकडा साडेसोळांहून अधिक.

आजोबांची नोंद १९३३ ची, म्हणजे १८० ग्रेनांच्या तोळ्याची. बारा तोळे म्हणजे १३९.९७ ग्रॅम, सुमारे १४० ग्रॅम. वडिलांनीं १२० धरले. त्यांच्या हयातींत दोनहि तोळे चालले होते व आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांच्या कानांवर नवाच तोळा होता. त्या एका शब्दानें आत्येचे वीस ग्रॅम कमी झाले.

हीच चूक छापील कोष्टकांतूनहि सांपडते. १९३३ सालीं दहा ग्रॅमवर सोनें कोणीहि विकीत नव्हतें. तरी ‘दहा ग्रॅमचा दर’ या मथळ्याखालीं त्या काळचे आंकडे देणारीं कोष्टकें आज सर्वत्र फिरतात. त्यांपैकीं कांहींत तोळ्याचा दर रूपांतर करून घातलेला असतो, कांहींत रूपांतर न करितां तसाच उचललेला असतो. तोळ्यास २८ रुपये हा दर दहा ग्रॅमला २४ रुपये होतो. कोष्टक वापरण्यापूर्वीं तें कोणत्या तऱ्हेचें आहे हें एखाद्या तत्कालीन नोंदीशीं ताडून पाहिल्यावांचून त्यावर भरंवसा ठेवूं नये.

कसाविषयीं थोडक्यांत सांगतों. आजोबांनीं ‘चोख’ हा शब्द घातला आहे, म्हणजे दागिन्याचें वजन नव्हे, तर त्यांतील शुद्ध सोन्याचें. बावीस कॅरटच्या दागिन्यांत हजार भागांत ९१६ भाग सोनें असतें. बाजारांतील लगडीच्या दरांतहि ९९५ व ९९९ असे दोन कस चालतात. नोंदींत ‘चोख’ हा शब्द नसता, तर आमचा हिशेब येथेंच अडला असता.

३

आतां नाणें. १८३५ पासून रुपया चांदीचा होता व चांदी आणि सोनें यांचा परस्परांतील भाव बदलेल तसा सोन्याचा रुपयांतील दर बदले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांदी उतरत गेली. १८९३ सालीं सरकारनें टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेंपाडणीस बंद केल्या आणि १८९९ सालीं इंग्लंडचें सॉव्हरिन नाणें १५ रुपयांस कायदेशीर चलन ठरविलें. सॉव्हरिनमध्यें शुद्ध सोनें ११३ ग्रेनांहून किंचित् अधिक असतें. यावरून तोळ्याचा कायदेशीर दर कोणासहि त्रैराशिकानें काढतां येईल. तसेच पुढील दोन बदलांनंतरचे दरहि :

१८९९ — सॉव्हरिनचे १५ रुपये — तोळ्यास २३ रु. १४ आणे ४ पै.
१९२० — सॉव्हरिनचे १० रुपये — तोळ्यास १५ रु. १४ आणे १० पै.
१९२७ — सॉव्हरिनचे १३ रु. ५ आणे ४ पै — तोळ्यास २१ रु. ३ आणे १० पै.

हे तीनहि आंकडे कायद्याचे आहेत, बाजाराचे नव्हेत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. १९२० चा दर तर कागदावरच राहिला. दोन शिलिंगांचा रुपया टिकविणें सरकारास झेपलें नाहीं व झवेरी बाजारांत त्या दरानें सोनें मिळालें नाहीं. जो अभ्यासक केवळ कायद्यावरून दर लिहील, त्याच्या कोष्टकांत १९२० सालीं सोनें एकाएकीं एक-तृतीयांशानें स्वस्त झालेलें दिसेल. तसें कधींहि झालें नाहीं. याच काळांतील एक स्थानिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या टांकसाळींत १५ रुपयांची सोन्याची मोहर पाडली गेली व विलायतेच्या टांकसाळीची शाखा उघडून १९१८ ची मुद्रा असलेलीं सॉव्हरिन नाणींहि पाडण्यांत आलीं. जुन्या घरांत अशीं नाणीं कधीं कधीं सांपडतात. त्यांवर इंडिया या नांवाचें रोमन आद्याक्षर असतें.

सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णमान सोडलें. रुपया पौंडाशीं जखडलेला होता, म्हणून पौंडाबरोबर तोहि सोन्याच्या मानानें उतरला. २१ रुपयांच्या आसपास असलेला तोळा वर चढूं लागला. सोनें महाग झालें असें लोक म्हणाले. वास्तविक रुपया स्वस्त झाला होता. याच सुमारास शेतमालाचे भाव कोसळलेले, नोकऱ्या गेलेल्या. गांवोगांवच्या दागिन्यांची लगड होऊन ती मुंबई बंदरांतून शेकडों कोटि रुपयांच्या मोलानें परदेशीं गेली. तत्कालीन वृत्तपत्रांतून यास ‘संकटाचें सोनें’ असा अर्थ असलेलें नांव पडलें होतें. माझ्या आजीचे बारा तोळे त्या प्रवाहांतील एक थेंब होत.

आजोबांस मिळालेला २८ चा दर १९२७ च्या दरापेक्षां जवळजवळ एक-तृतीयांशानें अधिक. कागदावर पाहातां त्यांनीं चढ्या भावानें विक्री केली, म्हणजे शहाणपणाचा व्यवहार केला! दराची रेघ एवढेंच सांगते. विकणाराच्या घरीं त्या दिवशीं काय शिजलें हें ती सांगत नाहीं.

४

स्वातंत्र्यानंतरच्या दरांचें वाचन निराळ्या कारणानें कठीण आहे. १९४७ पासून सोन्याच्या आयातीवर कडक बंधनें आलीं. १९६३ च्या आरंभीं सुवर्णनियंत्रणाचे नियम लागू होऊन चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली व असंख्य सोनारांच्या शेगड्या विझल्या. ती अट १९६६ सालीं सैल झाली, परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत चालूं राहिला. १९९२ सालीं परदेशांतून येणाऱ्या भारतीयांस सोनें आणण्याची मुभा मिळाली व १९९७ पासून बँकांमार्फत आयात खुली झाली.

या बंधनांचा परिणाम एका त्रैराशिकानें स्पष्ट होतो. १९७० च्या सुमारास जगांतील सोन्याचा अधिकृत दर औंसास ३५ डॉलर होता व डॉलरचे साडेसात रुपये होते. औंस ३१.१०३५ ग्रॅमचा. म्हणजे दहा ग्रॅमचे सुमारे ८४ रुपये. परंतु रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी पुस्तिकेंत १९७०-७१ चा मुंबईचा सरासरी दर सुमारे १८५ रुपये आहे. मुंबईचें सोनें लंडनच्या दुपटीहून महाग! ही तफावत बंदीची किंमत होय, आणि चोरटी आयात तिच्यावरच पोसली. म्हणून ‘भारतांतील सोन्याचा इतिहास’ म्हणून जे आलेख दाखविले जातात, ते लंडनच्या दरास रुपयांनीं गुणून केलेले आहेत कीं मुंबईच्या बाजारांतून घेतले आहेत, हा प्रश्न प्रथम विचारावा. १९७० साठीं त्या दोन रीतींचीं उत्तरें दुपटीनें भिन्न आहेत.

त्याच पुस्तिकेंतील पुढील वार्षिक सरासऱ्या, दहा ग्रॅमच्या व पूर्ण रुपयांत, अशा आहेत : १९८०-८१ सालीं सुमारे १,५२२, १९९०-९१ सालीं ३,४५२, १९९५-९६ सालीं ४,९५८, २०००-०१ सालीं ४,४७४, २०१०-११ सालीं १९,२२७. यांतील १९९५-९६ व २०००-०१ हे दोन आंकडे पुनः पाहावे. पांच वर्षांत सोनें वाढलें नाहीं, उलट उतरलें, आणि त्या अवधींत इतर सर्व वस्तु महागल्या. सोनें कधींच उतरत नाहीं हें आमच्या समाजांतील सुभाषित आंकड्यांस मान्य नाहीं.

सरासरी ही आणखी एक गोष्ट झांकते. लंडनमध्यें २१ जानेवारी १९८० रोजीं सोनें औंसास ८५० डॉलरवर गेलें व लागलीच कोसळलें. वार्षिक सरासरींत हें शिखर दिसत नाहीं. चोपडींतील दर हा एका दिवसाचा, एका पेढीवरचा असतो. कोष्टकांतील दर वर्षाचा असतो. दोहोंची तुलना करितांना चार दोन रुपयांच्या फरकावर सिद्धांत उभारूं नये.

आणि ज्या दरानें सामान्य माणूस विकतो तो तर कोणत्याच कोष्टकांत नसतो. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. मी तेव्हां परळच्या एका शाळेंत नुकताच लागलों होतों. पालकसभेस येणाऱ्या मातांच्या गळ्यांत दिवाळीपर्यंत काळ्या पोतीखेरीज कांहीं उरलें नव्हतें. त्या वर्षाचा सरासरी दर दहा ग्रॅमला सतराशेंच्या आसपास आहे. परंतु दागिना मोडतांना घट, डाक व कस यांची वजावट होते, आणि गहाण पडलेलें सोनें सुटलें नाहीं तर त्याचा दर सावकाराच्या वहींत असतो, रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेंत नसतो. लालबाग-परळच्या इतिहासाचें एक साधन त्या वह्यांत पडून आहे.

५

आतां सुवर्णनिधीकडे वळूं. सेबीनें जानेवारी २००६ मध्यें म्युच्युअल फंडांच्या नियमांत बदल करून सोन्याच्या निधीस वाट मोकळी केली आणि मार्च २००७ मध्यें बेंचमार्क म्युच्युअल फंडाचा ‘गोल्ड बीज’ हा देशांतील पहिला गोल्ड ईटीएफ राष्ट्रीय शेअरबाजारांत नोंदला गेला. त्याचें व्यवस्थापन पुढें गोल्डमन सॅक्स, नंतर रिलायन्स व शेवटीं निप्पॉन इंडिया या संस्थांकडे गेलें. इतरहि अनेक निधि निघाले. निधि लगडी विकत घेऊन तिजोरींत ठेवतो व त्यांवरील हिस्से युनिटांच्या रूपानें विकतो. आरंभीं एक युनिट सुमारे एक ग्रॅमचें, असें सर्वसाधारण मान होतें.

याचा जुना दर वाचतांना पांच गोष्टी संभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट : युनिटाचे दर दोन असतात. निधीजवळील सोन्याच्या मोलास युनिटांच्या संख्येनें भागून निघतें तें निव्वळ मालमत्तामूल्य, ज्यास एनएव्ही म्हणतात. आणि शेअरबाजारांत ज्या भावानें तें विकलें जातें तो बाजारभाव. पेशवाईंतील सराफीचीं कागदपत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. नाण्यांतील धातु एक व चलनांतील भाव दुसरा, आणि दोहोंमधील फरक तो बट्टा. युनिटासहि असाच कधीं वाढावा तर कधीं बट्टा लागतो. मोठे व्यापारी युनिटें देऊन लगडी व लगडी देऊन युनिटें घेऊं शकतात, म्हणून हा फरक सहसा फार वाढत नाहीं. परंतु सणासुदीस किंवा उलाढाल थोडी असतां तो वाढूं शकतो. आलेख कोणत्या दराचा आहे हें आधीं पाहावें.

दुसरी : निधीचा खर्च सोन्यांतूनच वसूल होतो. तिजोरीचें भाडें, विमा, व्यवस्थापन यांसाठीं दरवर्षीं थोडें सोनें कमी होतें. समजा हा खर्च शेंकडा एक आहे. मग शंभर ग्रॅमचे पंधरा वर्षांनीं ८६ ग्रॅमच उरतात. दर वाढत असल्यामुळें ही झीज धारकाच्या दृष्टीस पडत नाहीं. ‘एक युनिट म्हणजे एक ग्रॅम’ हें समीकरण पहिल्या दिवशीं जवळजवळ खरें व प्रतिवर्षीं अधिकाधिक खोटें असतें.

तिसरी : युनिटांचें विभाजन. डिसेंबर २०१९ मध्यें गोल्ड बीजच्या एका युनिटाचीं शंभर युनिटें झालीं, व प्रत्येक सुमारे ०.०१ ग्रॅमचें ठरलें. इतर निधींनींहि पुढेंमागें अशींच विभाजनें केलीं. हजारांचा दर एका रात्रींत दोन आंकड्यांवर आला, परंतु धारकाजवळील सोनें गुंजभरहि कमी झालें नाहीं. चांगल्या आलेखांत मागील सर्व दर शंभरानें भागून घेतलेले असतात. ज्यांत तसें केलेलें नसतें, त्यांत तो कडा दिसतो. पुतण्यानें पाहिला तो हाच.

चवथी : मूल्यांकनाचा आधार. आरंभापासून बरींच वर्षें हे निधि आपलें सोनें लंडनच्या सकाळच्या दरावरून मोजीत आले. तो ९९५ कसाचा, औंसाचा, डॉलरमधील दर. त्यास रुपयांत व ग्रॅममध्यें आणून त्यांत आयातकर व वाहतूक मिळवावयाची. लंडनची ही दरनिश्चिति १९१९ च्या सप्टेंबरपासून चालत आलेली असून २०१५ च्या मार्चमध्यें तिची पद्धत बदलली. यावरून ध्यानांत येईल कीं, निधीच्या दरांत जगाचा भाव, डॉलरचा भाव व सरकारचा कर असे तीन धागे एकत्र वळलेले आहेत. २०१२-१३ ची मुंबईची सरासरी सुमारे ३०,१६४ व २०१५-१६ ची सुमारे २६,५३४ रुपये आहे. एप्रिल २०१३ मध्यें जगांत सोनें जोरानें कोसळलें. मुंबईंतील उतार त्या मानानें सौम्य दिसतो, कारण रुपया घसरला होता आणि २०१२ च्या आरंभीं शेंकडा २ असलेला आयातकर ऑगस्ट २०१३ पर्यंत १० झाला होता.

पांचवी गोष्ट याच कराची दुसरी बाजू आहे. २३ जुलै २०२४ रोजीं अर्थसंकल्पांत आयातकर शेंकडा १५ वरून ६ वर आला, आणि मुंबईंत दहा ग्रॅममागें दर कांहीं हजार रुपयांनीं उतरला. जगांत त्या दिवशीं तसें विशेष कांहीं घडलें नव्हतें. पुढील पिढीचा एखादा अभ्यासक त्या दिवसाची घसरण पाहून युद्ध, दुष्काळ अथवा खाणींचा शोध शोधीत बसेल. कारण संसदेच्या कागदांत आहे.

६

एवढी तयारी झाल्यावर आमच्या घरचा हिशेब सोपा होता. नोंदींत ‘रुपये ३३६ परत करणें’ असें नाहीं. स्त्रीधनापैकीं सोनें विकलें व तें परत करावयाचें, असा वाक्याचा अन्वय लागतो. म्हणून ऋण वजनांत मोजावयाचें, रुपयांत नव्हे. येथें याज्ञवल्क्यस्मृतीचा एक आक्षेप येईल. दुर्भिक्षांत, धर्मकार्यांत, व्याधींत अथवा बंदींत सांपडला असतां पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत करण्याचें त्याच्यावर बंधन नाहीं, असें ती सांगते. बंधूंनीं हा आधार माझ्याच पुस्तकांतून काढून मजपुढें ठेविला. १९३३ हें आमच्या घरास दुर्भिक्षच होतें, हें मीं मान्य केलें. परंतु ज्याच्यावर बंधन नव्हतें त्यानें स्वहस्तें ‘परत करणें’ लिहिलें. शास्त्रानें सोडलेलें ऋण त्यानें स्वतःवर घेतलें. तें माफ करण्याचा अधिकार नातवांस नाहीं.

ऋण १४० ग्रॅमचें. फेड १२० युनिटांची, विभाजनानंतर १२,००० युनिटांची. त्यांत आज सोनें किती, हें काढण्याची रीत अशी : एका दिवसाची एनएव्ही घ्यावी, त्याच दिवसाचा त्याच आधाराचा एका ग्रॅमचा दर घ्यावा, व पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. सराफाच्या बिलावरील दर मात्र घेऊं नये, कारण त्यांत १ जुलै २०१७ पासून शेंकडा ३ वस्तु व सेवाकर आणि शिवाय घडणावळ असते. या रीतीनें त्या युनिटांत सुमारे १०५ ग्रॅम सोनें निघालें. तूट ३५ ग्रॅमची, म्हणजे जुन्या मापानें बरोबर तीन तोळे. त्यांपैकीं वीस ग्रॅम ‘तोळा’ या शब्दानें नेले व पंधरा ‘एक युनिट म्हणजे एक ग्रॅम’ या समजुतीनें. वडिलांच्या सचोटींत गुंजभरहि कमी नव्हतें.

आम्हीं दोघां भावांनीं तीन तोळे घेऊन दादरला आत्येकडे नेले. तिनें वयाची नव्वदी ओलांडली आहे. तिनें सोन्याकडे फारसें पाहिलें नाहीं. चोपडी मागून घेतली, नोंद दोनदां वाचून घेतली आणि तारखेच्या बाजूस आजोबांच्या अक्षरांत आणखी कांहीं आहे काय असें विचारलें. कांहीं नव्हतें. मग वडिलांची चिठ्ठी तिनें आपल्या जवळ ठेवून घेतली. ती चुकीची आहे असें मीं सांगूं लागलों, तेव्हां तें तिला ठाऊक असल्याचें ती म्हणाली. २०१० सालींच तिनें तिचा हिशेब केला होता, पण भावाचें मन मोडूं नये म्हणून ती बोलली नव्हती.

७

जुना दर वापरणारानें निदान इतकें पाहावें : वजन कोणत्या तोळ्याचें, कस कोणता, रुपया कोणत्या काळचा, दर कायद्याचा, बाजाराचा कीं परदेशच्या दरावरून काढलेला, एका दिवसाचा कीं वर्षाच्या सरासरीचा, कर धरून कीं वगळून, आणि निधीचा असेल तर एका युनिटामागें त्या दिवशीं सोनें किती. यांतील एकाहि प्रश्नाचें उत्तर मिळत नसेल, तर तो आंकडा शोभेचा समजावा. विशेषतः आलेखाचा आरंभ कोठून केला आहे हें पाहावें. भारतीय सुवर्णनिधींचे आंकडे २००७ च्या अलीकडचेच आहेत. त्या अवधीवरून शंभर वर्षांचें अनुमान काढणें म्हणजे एका पावसाळ्यावरून मुंबईचें हवामान सांगणें होय.

शेवटीं वाचकांस एक विनंति. गिरगांव, दादर, परळ, लालबाग या भागांतील जुन्या चाळी एकामागून एक रिकाम्या होत आहेत व त्यांबरोबर घरोघरच्या चोपड्या रद्दींत जात आहेत. बाजारसंस्थांचे व बँकेचे आंकडे घाऊक व्यवहाराचे आहेत. घरांतील माणसानें प्रत्यक्ष काय दिलें व काय घेतलें, याचें साधन या चोपड्यांवांचून दुसरें नाहीं. ज्यांजवळ सोन्याच्या खरेदीविक्रीच्या नोंदी असतील त्यांनीं साल, मिति, वजन, कस, दर व पेढीचें ठिकाण हीं जशींच्या तशीं, कोणतेंहि रूपांतर न करितां, उतरून मंडळाकडे पाठवावीं. माणसांचीं नांवें गाळलीं तरी चालतील. समासांत कांहीं लिहिलें असल्यास तें मात्र अवश्य उतरावें.